किती लाल?

आकाशाचे फोटो काढायचा नाद नुकताच लागलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात : आधी मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा आणि धुळीचा ढग, घे, सोपा आहे. सापडायला तो सोपा आहेच. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते तीन सरळ तारे, ओळखले की त्यांच्या दक्षिणेला पुसट ताऱ्यांची एक छोटी रांग लागते. तिच्यातला मधला तारा पुसल्यासारखा दिसतो, तोच हा तेजोमेघ, यादीतलं नाव एम ४२. नागपूरच्या उजेडातही दिसतो. डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास तो इथे ६३ अंश उंच चढतो. युरोपातल्या हौशी लोकांना हेवा वाटावा इतका.

आपली अडचण उत्तरेला आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणून कॅमेरा फिरत्या ट्रॅकरवर बसवायचा आणि ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. पण नागपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. आमच्या गच्चीवरून त्या दिशेला शहराचा सगळा झगमगाट, त्यापलीकडे कोराडीची धुरांडी आणि थंडीतलं धुरकट. तारा दिसेपर्यंत बोटं गारठतात. कॅमेऱ्याला मात्र ती थंडी मानवते, गार सेन्सरवर चित्रात दाणेदार खरखर कमी येते.

आणि मग कळतं, तेजस्वी असणं हाच या तेजोमेघाचा त्रास आहे. गाभ्यात चार कोवळ्या ताऱ्यांचा चौकोन आहे, ट्रॅपेझियम. त्यांच्या, विशेषतः सर्वात तापट ताऱ्याच्या, अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उजळतो. दीड मिनिट शटर उघडं ठेवलं तर बाजूचे वायूचे फिके पंख उमटतात, पण गाभा पांढरा फटक होतो. पाच सेकंदांत चौकोन स्वच्छ येतो, पंख गायब. म्हणून दोन्ही प्रकारचे ढीगभर फोटो काढायचे, एकावर एक रचायचे, मग गाभा एका ढिगातून आणि पंख दुसऱ्यातून घेऊन जोडायचे. ही जोडणी मला फोटो काढण्यापेक्षा जास्त आवडते, हे कबूल करायला हरकत नाही.

अमेरिकेतला हौशी खगोलनिरीक्षक हेन्री ड्रेपर याने ३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्कजवळून याच तेजोमेघावर ५१ मिनिटं फोटोची काच धरली. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. तीन वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमनने ३६ इंची आरशातून घेतलेल्या फोटोत तर दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही आले. म्हणजे कॅमेरा डोळ्यापेक्षा जास्त पाहतो हे तेव्हाच ठरलं. पण तो जे पाहतो ते दाखवायचं कसं, हा प्रश्न अजून माझ्या गच्चीवर शिल्लक आहे.

कारण शेजारच्या काकू. एका रात्री वर आल्या, "एवढ्या थंडीत काय करून राहिले तुम्ही?" दुर्बिणीतून दाखवलं. "हे तर नुसतं धुकं दिसून राहिलं!" मग लॅपटॉपवरचं लाल-गुलाबी चित्र पाहून म्हणाल्या, "हा रंग खरा आहे का भरला तुम्ही?"

हायड्रोजनचा लाल प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा, खरोखर तिथे आहे. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला तो कळत नाही. ऑक्सिजनचा हिरवट काहींना जाणवतो. गंमत अशी की साध्या कॅमेऱ्यातली सेन्सरपुढची चाळणीसुद्धा (फिल्टर) हा लाल बराच अडवते. तेव्हा लाल वाढवणं म्हणजे अडवलेलं परत देणं, खोटं नव्हे. पण किती परत द्यायचं? लोक स्लायडर ओढत ओढत तेजोमेघाची टोमॅटोची चटणी करतात. मला निळसर पंख आणि राखी धूळ टिकलेली हवी असते.

उत्तर मिळालेलं नाही. सध्या लाल माझ्या अंदाजाने ठेवतो, काकूंना तो फिका वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात जाऊन काळ्या आकाशात तेच फोटो पुन्हा घ्यायचे आहेत. पार्श्वभूमीचा पिवळट उजेड गेला की निदान रंगाचा वाद तेजोमेघापुरताच उरेल. तोवर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भडक चित्रच जातं. त्यालाच अंगठे जास्त पडतात.