तुम्ही विचारलंत म्हणून: प्लास्टिक खाणारे जिवाणू वावरात सोडता येतील का?

मी परभणीत बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे लग्नात म्हणा, एसटीत म्हणा, एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, प्लास्टिक खाणारे जिवाणू निघालेत म्हणे, आपल्या वावरात सोडले तर मल्चिंगचा कचरा खातील का?" (मल्चिंग म्हणजे पिकाच्या बेडवर अंथरतात तो प्लास्टिकचा पेपर.)

जिवाणू खरंच आहे. जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्या रिसायकल होतात त्या ठिकाणच्या नमुन्यांत सापडला, 2016 मध्ये जाहीर झाला, नाव आयडिओनेला साकाएन्सिस. त्याचं पेटेज नावाचं एन्झाइम, म्हणजे तोडायचं काम करणारं प्रथिन, पाण्याच्या बाटलीचं पेट नावाचं प्लास्टिक तोडतं, पण 30 अंशांना एक पातळ फिल्म संपवायला त्या जिवाणूला जवळपास सहा आठवडे लागले. मग 2020 मध्ये फ्रान्सच्या कार्बिऑस कंपनीने तुलूजच्या संशोधकांसोबत दुसरंच एन्झाइम सुधारून घेतलं, हे मूळचं पानाफांद्यांच्या कंपोस्टमधलं बरं का, आणि 72 अंशांना 10 तासांत 90 टक्के पेट सुटं होऊन त्याचा मूळ कच्चा माल मिळाला, त्यातून पुन्हा बाटली बनली. मला हे आजही फार भारी वाटतं. पण हे सगळं टाकीत, प्लास्टिक आधी तयार करून, बारीक करून, तापमान सांभाळून.

आणि आपला मल्चिंग पेपर पेटचा नाहीच, तो पॉलिथिनचा. पेटच्या लांब साखळीसारख्या रेणूत ठरावीक अंतरावर एस्टर बॉन्ड नावाचे जोड असतात, एन्झाइम तिथे पाण्याच्या मदतीने तोडतं. पॉलिथिनमध्ये कार्बनला कार्बन सलग जोडलेला, एन्झाइमला धरायला जागाच नाही.

टायरचंही विचारतात. मातीतल्या काही स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंकडे नैसर्गिक रबर तोडणारं एन्झाइम आहे, पण टायरात त्या साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या, वर सिंथेटिक रबर, काजळी, तारा, म्हणून पत्र्यावर ठेवलेलं टायर वर्षानुवर्षं पडून राहतं.

टरबूज निघाल्यावर पेपर काढताना कुणी बघितलंय का? बायका वाकून ओढतात, वेलाच्या बुडाशी तो अडकतो, टर्रकन फाटतो, हातात येतो त्याला माती चिकटलेली, म्हणून भंगारवाला घेत नाही, मग बांधावर ढीग आणि संध्याकाळी काडी, आणि जे तुकडे मातीत राहिले ते पुढच्या नांगरटीला अजून बारीक होतात. मला खरी काळजी याची आहे.

म्हणून मी प्रश्न उलटा करून सांगते. जिवाणू आणण्यापेक्षा, आपल्या मातीतले जिवाणू ज्याला तोडू शकतील असा पेपर आणा. पीबीएटी नावाचं प्लास्टिक आहे, त्यात एस्टर बॉन्ड असतात. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 2018 मध्ये त्यातला कार्बन खुणा करून मागोवा घेतला, तर तो मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात गेलेला सापडला. युरोपात अशा पेपरसाठी ईएन 17033 हे मानक आहे, मातीत 2 वर्षांत 90 टक्के विघटन झालं पाहिजे. नुसतं "बायो" किंवा "ऑक्सो" छापलेलं घेऊ नका, ऑक्सोवालं पॉलिथिनच असतं, फक्त लवकर चुरा होतं.

पीबीएटी महाग पडतो, हे मान्य. पण पेपर काढायची मजुरी धरून हिशोब करा, आणि आधी दोन-चार बेडवरच लावून बघा, कारण आपल्या कोरड्या मातीत विघटन सावकाश होणार, त्याला ओल लागते. पॉलिथिनच घ्यायचं असेल तर जाड घ्या, निदान अख्खा निघतो. आणि जाळू मात्र नका, काहीही झालं तरी.