पर्णरंध्रांचं प्रात्यक्षिक संशोधनात बदलताना: माझा अनुभव

पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळल्यावर चिकटपट्टीने ठसा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, मोजायची. वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गातलं हे नेहमीचं प्रात्यक्षिक. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे मुलं शेजारच्या वहीतून आकडा उतरवतात. हेच प्रात्यक्षिक मी सहा आठवड्यांच्या संशोधनात बदललं. साहित्य तेच ठेवलं. प्रश्न मात्र मुलांनी ठरवायचा, आणि आपला आकडा खरा का मानावा हेही त्यांनीच दाखवायचं.

शिक्षक चांगला संशोधक असला की हे आपोआप जमतं, हा समज सोडून द्यावा. हॅटी आणि मार्श या शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संशोधन आणि अध्यापनाची गुणवत्ता यांतला सहसंबंध ०.०६, म्हणजे जवळजवळ शून्य निघाला. सांधा मुद्दाम जोडावा लागतो.

पहिला आठवडा प्रश्नातच जातो, आणि जाऊ द्यावा. चौघांचा गट ‘प्रदूषणाचा पानांवर परिणाम’ असा विषय आणतो. त्यात माती, पाणी, धूळ, ऊन, पानाचं वय, सगळंच एकदम बदलतं. मी एकच फरक शिल्लक ठेवायला लावते: एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं, सारख्या उंचीवरची, टोकापासून चौथं पान. उन्हातल्या पानांवर रंध्रं सहसा दाट असतात, हे पुस्तकात आहेच. पण सावलीत ती मुळात कमी तयार होतात, की पान जास्त पसरल्यामुळे विरळ दिसतात? हे कळायला बाह्यत्वचेच्या, म्हणजे पानाच्या बाहेरच्या थराच्या, पेशीही मोजाव्या लागतात आणि एकूण पेशींत रंध्रं किती टक्के ते काढावं लागतं. इथून पुढे मला फारसं ढकलावं लागत नाही.

दुसरा आठवडा फक्त चुका करण्यासाठी. थर जाड झाला की ठसा धूसर येतो, पंधरा मिनिटांच्या आत ओढला तर फाटतो, आणि लव असलेल्या पानावर ही पद्धत चालतच नाही. ४०० पटीला दिसणारं वर्तुळ साधारण ०.४५ मिमी व्यासाचं, म्हणजे ०.१६ चौ. मिमी असतं, पण प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं वेगळं, म्हणून बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचेवर ताडून घ्यायचं. वर्तुळात ३० रंध्रं दिसली तर चौ. मिमीला सुमारे १९०. कडेवर कापली गेलेली रंध्रं उजव्या अर्ध्यातली धरायची, डावीकडची सोडायची, आणि हा नियम मोजणीआधी लिहून ठेवायचा.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. एका पानावरची दहा वर्तुळं मोजून मुलं दहा नमुने झाले असं लिहितात. ती दहा मिळून एकच आकडा, कारण पान एकच आहे. उन्हातली आणि सावलीतली निदान सहा-सहा पानं हवीत. काचपट्ट्यांवर ऊन-सावली न लिहिता सांकेतिक क्रमांक टाकायचे, दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर एकत्र बसून पुन्हा मोजायचं. त्या वादात, अर्धवट दिसणारं रंध्र धरायचं की नाही यावर, जेवढं शिकणं होतं तेवढं माझ्या व्याख्यानात होत नाही.

शोधनिबंध तिसऱ्या आठवड्यात देते, त्याआधी नाही. स्वतः मोजल्यावरच ‘पद्धती’ हा भाग वाचावासा वाटतो. आधी फक्त आलेख आणि तक्ते द्यायचे, मुलांनी आपला निष्कर्ष लिहायचा, मग लेखकाचा उघडायचा.

गुण ५०: नोंदवही २०, आखणी १०, दुसऱ्या गटाच्या कामाचं परीक्षण १०, अहवाल १०. निकाल पुस्तकाशी जुळल्याचा एकही गुण नाही. अहवालाला जास्त गुण ठेवले की नोंदवहीतले खोडलेले आकडे गायब होतात, म्हणून पेनानेच लिहायचं आणि चूक एका रेघेने छेदायची. मोजणीआधी पहिल्या पानावर एक वाक्य सक्तीचं: कोणता आकडा आला तर आमचं मत बदलेल.

शेवटी कच्चे आकडे, क्रमांकांची किल्ली, झाड, तारीख आणि सूक्ष्मदर्शकाचा क्रमांक ठशांसोबत जपून ठेवते. पुढच्या वर्षीचा गट त्यातले पाच जुने ठसे पुन्हा मोजून सुरुवात करतो. आकडे जुळले नाहीत, तर त्यांचा पहिला प्रश्न तोच.