पक्कड कुठली घेऊ?

पक्कड कुठल्या कंपनीची घ्यावी, या विषयावर आमच्या नातेवाइकांत जेवढी मतं आहेत, तेवढी कुणाच्या स्थळाबद्दलही नसतात. थोरल्या काकांना जर्मन सोडून काही चालत नाही. मावसभाऊ म्हणतो, "काहीही घे गं, सगळं शेवटी चीनमध्येच बनतं." हे तो न्यू जर्सीतल्या त्याच्या गॅरेजमधून सांगतो आणि त्याच्या पाठीमागे भिंतभर एकाच कंपनीची पिवळी हत्यारं टांगलेली दिसत असतात. शेजारचे आजोबा "आता पूर्वीचं पोलाद राहिलं नाही" एवढंच म्हणतात, मग कंपनी कुठली का असेना. मी मूळची नाशिकची. त्यामुळे माझं मत मला कुणी विचारायच्या आतच ठरून गेलेलं होतं.

सातपूरच्या एमआयडीसीत टपारियाचा कारखाना आहे. आमच्या भागात ज्या घरातलं कुणी सातपूरला कामाला जायचं, त्या घरात त्यांची एखादी पक्कड हमखास असायची. कंपनी १९६५ची. स्वीडनच्या बाहकोवाल्यांशी करार करून तिनं हत्यारं बनवायला घेतली. बाहको म्हणजे ज्यांचा स्क्रू पाना, चक्री फिरवून तोंड लहान-मोठं करता येतं तो, जगभर गेला ते. योहानसन नावाच्या स्वीडिश माणसानं १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं, वेगवेगळ्या मापांच्या पान्यांचं ओझं वाहायला लागू नये म्हणून. आज घरोघरी त्याच स्क्रू पान्यानं नटांचे कोपरे गोल केले जातात, पण तो काही योहानसनचा दोष नाही. जोर न हलणाऱ्या जबड्यावर यायला हवा. आपण लावतो सरकत्या जबड्यावर, तोही चक्री पुरती न आवळता, आणि मग शिव्या कंपनीला.

जाता जाता सांगते, टपारियाचा शेअर ही बाजारातली एक गंमतच आहे. कित्येक वर्षं त्याचा भाव दोन-चार रुपयांत दिसायचा आणि लाभांश त्याहून मोठा असायचा. त्या भावात विकायला कोणी तयारच नाही! मी एकदा घ्यायला गेले होते. माझी ऑर्डर दिवसभर तशीच पडून राहिली.

तर नावाला पैसे मोजावेत का? माझ्यापुरतं उत्तर असं की, पोलाद जिथे पोलादाला धरतं तिथे मोजावेत आणि बाकी सगळीकडे हात आखडता घ्यावा. पाना, स्क्रू ड्रायव्हर, गोटी पाना, पक्कड यांच्यावर खर्च करावा. हातोडी, पंजा-फावडं, हत्यारांची पेटी, कानस घासायचा ब्रश हे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं तरी चालतं. हातोडीचा दांडा नीट बसलेला आहे ना, तेवढं बघावं. बिननावाची हातोडीसुद्धा खिळा ठोकतेच.

दहा मिलिमीटरचा एक स्वस्त पाना हातात घेऊन उजेडात धरा. बाहेरून आरशासारखा चकचकीत असतो. तोंडाच्या आत बोट फिरवलं की मुलाम्याचे बारीक थेंब साचलेले लागतात. त्यामुळे दहाचा पाना दहाच्या नटावर आधी चढतच नाही. ठोकून चढवला आणि दोनदा नेटानं ओढला की त्याचं तोंड पसरतं आणि त्यानंतर तो दहाचा राहत नाही. चांगल्या पान्याचं तोंड आतून सपाट असतं, कडा किंचित मारलेल्या असतात आणि नटावर तो कुरकुर न करता बसतो. त्याचं तोंड दांड्याशी सरळ रेषेत नसून पंधरा अंशांनी कललेलं असतं. हे तर स्वस्तातही असतं, पण का असतं हे फारसं कुणी सांगत नाही. सहा कोपऱ्यांचा नट पान्यात पुन्हा बसायला साठ अंश फिरावा लागतो. अडचणीच्या जागी तेवढं फिरवता येत नाही. मग पाना थोडा फिरवायचा, काढायचा, पालथा करायचा आणि परत लावायचा. पालथा केला की तो कल उलट्या बाजूला जातो, म्हणून तीस अंशांच्या फटीत काम होतं. सिंकखाली पाठीवर झोपून नळाचा नट काढताना हा पंधरा अंशांचा हिशेब देवासारखा धावून येतो.

आणि ते 'क्रोम व्हॅनेडियम'! पोलादात मिसळलेल्या धातूंची ही नावं हल्ली प्रत्येक पान्यावर असतात. अक्षरं उठवायला साच्यापुरताच खर्च येतो. आतल्या पोलादाला पाणी नीट पाजलंय का, म्हणजे तापवून-थंड करून हवं तेवढंच कडक केलंय का, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं. जास्त कडक झालं तर टवका उडतो, कमी पडलं तर तोंड पसरतं. हाताच्या हत्यारात आपण नाव विकत घेतो ते एवढ्याचसाठी, की गेल्या वर्षीच्या पान्याला जसं पाणी होतं तसंच यंदाच्याही पान्याला असेल.

पण नावानं सगळे प्रश्न सुटतात असंही नाही. आमच्याकडे जुनी, जपानी वंशाची बाइक आहे. तिच्या इंजिनाच्या झाकणावर फुलीचे स्क्रू आहेत. दुकानात फुलीचा कुठलाही स्क्रू ड्रायव्हर मागितला की 'प्लसचा' म्हणून एकच पुढे येतो. तो असतो फिलिप्स मापाचा. बाइकवरचे स्क्रू मात्र जपानी मापाचे, जेआयएस. दोन्ही फुल्या वरून सारख्याच दिसतात, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत पोचत नाही. जोर लावला की ते वर उचललं जातं आणि खाच खरवडून निघते. थोरल्या काकांचा जर्मन स्क्रू ड्रायव्हरही तिथे तितक्याच थाटात घसरतो, कारण तो अस्सल फिलिप्स आहे. जपानी स्क्रूच्या माथ्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, ती त्याची खूण. ठिपका दिसला की त्या मापाचं टोक शोधायचं. असा ठिपका जुन्या टेपरेकॉर्डरच्या पोटातही मला सापडला आहे.

मापांचंही तसंच. सहा मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं बहुतेक ठिकाणी दहाचं असतं. आठच्या बोल्टला युरोपी पद्धतीत तेरा आणि जपानी गाड्यांवर बारा. दहाच्या बोल्टला जपान्यांकडे चौदा, जुन्या जर्मन मापात सतरा, नव्यात सोळा. म्हणजे दुचाकीसाठी आठ, दहा, बारा, चौदा, सतरा आणि घरच्या स्टँड-कपाटांसाठी तेरा, एवढ्यात बहुतेक संसार आटोपतो. तरीही दिवाळीच्या आसपास घरातली पुरुष मंडळी १०८ नगांचा संच उचलून आणतात. एकशे आठ हा आकडा जपाला ठीक आहे. त्यातल्या कित्येक गोट्या कधी लागतच नाहीत, पंचवीसेक बारकी टोकं कधी पेटीबाहेर येत नाहीत आणि रोज लागणारी दहाची गोटी सगळ्यात आधी हरवते. सुटे, चांगले, मोजके घ्यावेत. पण सुट्या पान्यांना उघडझाप करणारी ऐटबाज पेटी मिळत नाही, हेही खरं.

विजेवरच्या हत्यारांत माझं हे शास्त्र उलटं फिरतं. तिथे पोलाद कमी आणि मोटर जास्त. मोटर आज ना उद्या बसणारच. म्हणून तिथे नाव विचारायचं ते विकणाऱ्याला नाही, दुरुस्त करणाऱ्याला. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ड्रिल मशीन बघायला गेले, तेव्हा एका काउंटरवरून मला सांगण्यात आलं, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना कळेल कुठलं पाहिजे." आमच्याकडे साहेब टॉर्च धरतात. तेही बऱ्याचदा स्वतःच्या तोंडावर. मी तिथून निघाले आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दादांच्या बाकड्यापाशी जाऊन उभी राहिले. समोर उघडलेली ड्रिलं आणि ग्राइंडर पडलेले, तांब्याच्या तारेचे गुंते, करपलेल्या वार्निशचा वास. कुठलं मशीन चांगलं, असं विचारल्यावर त्यांनी मानही वर केली नाही.

"चांगलं कुठलं ते मला नका विचारू ताई. कुठल्याचं आर्मेचर मला संध्याकाळपर्यंत मिळतं, ते विचारा."

मग त्यांनी दोन कार्बन हातावर ठेवले. नवा पेरभर लांब, घासलेला नखाएवढा. मोटर फिरताना हे दोन ठोकळे आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याला, टेकलेले असतात आणि झिजत राहतात. संपत आले की आत ठिणग्या नाचायला लागतात. तेव्हा बदलले तर खर्च वडापाव आणि चहाएवढा. तसंच रेटलं तर आर्मेचर जातं आणि मग नवं मशीन घ्यावं की काय असा विचार सुरू होतो. ज्या मशीनला बाहेरून स्क्रूच्या टोपणाखाली कार्बन बदलता येतो ते घरच्या माणसाला सोयीचं. ज्याचा कार्बन शहरात मिळत नाही ते कितीही सुरेख असलं तरी शोभेचं.

डब्यावरच्या वॉटलाही भुलू नये. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा. भिंतीत किती घुसतं तो नव्हे. नाव नसलेल्या ड्रिलवर बाराशे वॉट छापलेले असतात आणि शेजारी नावाजलेलं पाचशेचं असतं. पाचशेचं भोक पाडतं, बाराशेचं तापतं.

खरा प्रश्न नावाचा नाहीच, भिंतीचा आहे. जुन्या वाड्यात, बंगल्यात वीटकाम असतं. त्याला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. त्याच्या पोटात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात, पण त्या टकटकीला जोर आपल्या खांद्यातून येतो. हल्लीच्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीनं भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे इम्पॅक्ट ड्रिल घेऊन उभं राहिलं की दहा मिनिटांनी भिंतीवर एक पांढरा ठिपका पडतो आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. तिथे रोटरी हॅमरच लागतो. त्याच्या आत पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोका देते. आपण नुसतं धरायचं. त्याचं बिटही चकमध्ये चावीनं आवळायचं नसतं, खाचांत खटकन बसतं. ही एसडीएसची खाच बॉशनं १९७५ साली आणली आणि आता बहुतेक कंपन्या तीच वापरतात, त्यामुळे बिट एकाचं आणि मशीन दुसऱ्याचं चालतं. स्वयंपाकघरात फळी लावायला कुणी ड्रिलची कंपनी विचारली, की मी आधी बिल्डिंग कुठल्या साली बांधली ते विचारते.

आधीच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. ड्रिल म्हणजे मुलुंडची रॅलीवुल्फ. हाताला जड, अंगानं धातूची, एखाद्या कारखान्यातून कुणाच्या तरी ओळखीनं रविवारपुरती आणलेली. कोल्हापूरकडे शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सचं, म्हणजे केपीटीचं, नाव निघायचं आणि अजून निघतं. आता अंग प्लॅस्टिकचं असतं आणि लेबलावर चौकोनात चौकोन अशी बारकी खूण असते. दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची तार नाही म्हणून घाबरू नका, असा तिचा अर्थ. धातूच्या अंगाचं जुनं मशीन कुणी दिलं आणि त्याला दोनच पिनांचा प्लग असेल, तर आभार मानून परत करावं.

बॅटरीवाल्यांचं जग आणखी वेगळं. तिथे हत्यार नव्हे, बॅटरी विकत घ्यायची असते. एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर घरात आला की पुढचं प्रत्येक हत्यार त्याच रंगाचं. मावसभावाची पिवळी भिंत तशीच वाढली आहे. त्याचं आणि त्याच्या मित्राचं यावरून भांडण चालतं, कारण मित्राकडे केशरी ब्लॅक अँड डेकर आहे. पिवळं डिवॉल्ट १९६०मध्येच ब्लॅक अँड डेकरनं घेतलं आणि २०१०मध्ये ब्लॅक अँड डेकर स्टॅनलीशी जोडली गेली, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण माझं वीस व्होल्टचं आहे, इतरांचं अठराचं." त्याला पाच सेलचा हिशेब मांडून दाखवला. प्रत्येक सेल नेहमीचा ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर चार-सव्वाचारचा. पाच गुणिले ३.६ म्हणजे अठरा, पाच गुणिले चार म्हणजे वीस. आत तेवढेच सेल, फक्त डब्यावरचा आकडा कुठल्या क्षणी मोजला तेवढाच फरक. त्यावर त्यानं तिकडे रात्र झाली म्हणून फोन ठेवला.

मेजर टेपचं राहिलं. बोहरी आळीतच एका दुकानात माझ्या पुढे एक गृहस्थ टेप घेत होते. शेठ एकेक टेप काढून देत होते आणि हे तिच्या टोकाची पत्र्याची कडी हलवून बघून नापसंत करत होते. "ही ढिली आहे. हीसुद्धा. एवढ्या मोठ्या कंपनीला साधा रिव्हेट मारता येत नाही?" ती कडी मुद्दाम ढिली ठेवतात. कडेला अडकवून मापलं की कडी बाहेर ओढली जाते, भिंतीला टेकवून मापलं की आत ढकलली जाते, आणि ती हलते ती बरोबर स्वतःच्या जाडीएवढी, म्हणजे दोन्हीकडून माप तंतोतंत येतं. शेठना ते ठाऊक होतं. एकदा माझ्याकडे बघून त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण काउंटरवर गर्दी होती. त्यांनी वाकून तळच्या खणातून एक बिननावाची टेप काढली, हातोडीनं तिच्या रिव्हेटवर एक टोला घातला आणि पुढे केली. गृहस्थांनी कडी हलवून बघितली. हलेना. त्यांनी दोन घेतल्या.