चिरडू नका, साबणाच्या पाण्यात पाडा

परवा रात्री पडद्यावर एक तपकिरी स्टिंक बग, म्हणजे घाण वास सोडणारा किडा, बसलेला दिसला, मी काही विचार न करता टिश्यूत धरला आणि दाबला. बास. त्यानंतर हात तीनदा धुतले तरी बोटांचा वास जाईना. वास कसा, तर जून कोथिंबीर ठेचून त्यात जळकं रबर घातल्यासारखा. आणि कोथिंबिरीचा तो भास उगाच नव्हता बरं का, ह्या स्टिंक बगच्या वासात जी अल्डिहाइड्स नावाची रसायनं असतात त्याच जातीची कोथिंबिरीतही असतात. आता कोथिंबीर निवडताना मला हाच आठवतो, हे मात्र त्याने वाईट केलं.

दिसायला ढालीसारखा, चपटा, साधारण दीड सेंटीमीटर, आणि उडतो तेव्हा घर्रर्र असा मोठ्ठा आवाज. पाठीकडून ढाल दिसली की समजायचं हाच. वासाच्या ग्रंथी पोटाकडच्या बाजूला, पायांच्या बुडाशी असतात आणि तो चिरडल्यावरच वास सोडतो असं नाही, नुसता घाबरला तरी सोडतो. आमच्याकडे सगळे आधी "अरे ढेकूण!" म्हणून गाद्या उचलायला लागले. ढेकणाचा लांबचा भाऊबंदच आहे तो, पण हा रक्त पीत नाही, सोंड खुपसून झाडांचा आणि फळांचा रस ओढतो. कपडे नाही खात, लाकूड नाही पोखरत. म्हणजे घरात त्याचा त्रास एकच, पण तो एकच पुरतो.

मग घरात येतो कशाला? थंडी सुरू व्हायच्या आधी आसरा शोधत येतो, फटीत शिरून न खाता पिता पडून राहतो आणि ऊन तापलं की जागा होऊन उजेडाकडे म्हणजे खिडकीकडे निघतो. त्यामुळे आपल्याला वाटतं आत्ता बाहेरून आले, खरं तर ते कधीचे आतच असतात. बाकी रात्री दिव्याला भुलून येणारे वेगळेच.

आता उपाय. एका रुंद तोंडाच्या जुन्या मगात दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात भांडी घासायचं लिक्विड थोडं टाकायचं. हा मग किड्याच्या बरोब्बर खाली धरायचा आणि वरून कार्डाने हलकेच टोचायचं. संकट दिसलं की अंग सोडून खाली पडायची त्याची सवय आहे, सरळ मगात पडतो. नुसत्या पाण्यावर तो तरंगत बसतो, पण साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि मग तो बुडतो. हात लागत नाही, वास जवळपास नाहीच. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा पटापट मिळतात.

व्हॅक्युम क्लीनरने ओढले तर मशीनच घाण मारायला लागतं, त्यापेक्षा पाईपच्या तोंडात जुना पातळ स्टॉकिंग घालून बाहेरून रबरबँडने अडकवायचा, किडे त्यातच अडकतात, गाठ मारून तेही साबणाच्या पाण्यात. स्प्रेच्या नादी लागू नका. मी लागले होते, समोरचा एक मेला आणि घरभर आम्हीच खोकत बसलो. शिवाय भिंतीच्या पोकळीत किडे मरून पडले तर ते खायला कार्पेट बीटल (लोकर, गालिचे कुरतडणारे किडे) येतात, म्हणजे एक गेला आणि दुसरा आला.

खरं काम फटी बुजवायचं आहे आणि तेच कंटाळवाणं. खिडकीच्या चौकटी, पाईप जिथून भिंतीत शिरतो ती जागा, एसीच्या कडा, दाराखालची फट, एक्झॉस्टला जाळी. हे सगळं थंडीच्या आधी, कारण नंतर बुजवलं तर ते आतच कोंडले जातात. बाहेर वाळत घातलेले कपडे झटकून आत आणायचे आणि कुंडी आत घ्यायची असेल तर पानांची खालची बाजू बघायची, अंडी तिथे एकमेकांना चिकटून घोळक्याने घातलेली असतात.

साबणाच्या पाण्याचा तो मग सध्या खिडकीतच ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवलीय "हात लावू नये" कारण परवा कोणीतरी तो बेसिनमध्ये नेऊन सगळ्या भांड्यांबरोबर घासला. काल रात्रीपर्यंत चार झाले. पाचवा ट्यूबलाईटवर बसलाय, तिथे माझा हात पोचत नाही.