ताबा गेला, नाव राहिलं

गुरुजींनी टेबलावर ठेवलेल्या फाईलमध्ये तीनच कागद होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस, पाचशेच्या स्टॅम्पवरची ताबापावती आणि गाडीवरचं नाव बदलण्याच्या ३० नंबर फॉर्मची झेरॉक्स. ‘वकीलसाहेब, गाडी मार्चमध्येच विकली मी. अपघात नोव्हेंबरातला. मला कशाला बोलावतात?’

नोटिशीत ते जाबदेणार क्रमांक एक होते, म्हणजे भरपाई पहिली त्यांच्याकडेच मागितली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाच्या खिशात होती, हे प्रश्न नंतरचे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात (६ फेब्रुवारी २०१८) हे पक्कं केलंय. तिथेही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीकृत मालकावर. मृताच्या घरच्यांनी नोंद नसलेल्या व्यवहारांचा माग काढत फिरायचं नाही, असा त्याचा रोख आहे. मला तो रास्त वाटतो, मी विकणाऱ्याचा वकील असलो तरी.

मग झेरॉक्स पाहिली. गुरुजींची सही निळ्या शाईची होती, हे त्यांनीच सांगितलं. बाकी सगळा फॉर्म कोरा. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, चेसिस नंबरचा पेन्सिलने घासलेला ठसाही नाही. गाडी घेणारा एजंट म्हणाला होता, ‘सह्या करून ठेवा, पुढचं मी बघतो.’ पुढचं म्हणजे त्याने गाडी आणखी एकाला विकली, सह्यांच्या कागदांसकट. अशा लोकांना नाव लावून घ्यायचंच नसतं. प्रत्येक हस्तांतराला फी लागते, शिवाय आरसीवर मालकांची संख्या वाढली की गाडीचा भाव पडतो.

कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. २९ नंबर म्हणजे विकणाऱ्याची सूचना, ३० नंबर म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. लोक दोन्हींवर सह्या करून घेणाऱ्याच्या हातात देतात आणि स्वतःचं काम त्याच्यावर सोपवून मोकळे होतात. २९ नंबर आपणच दाखल करून त्याची पोच ठेवली पाहिजे. त्यानेही मालकी लगेच सुटत नाही, आरसीवर नाव बदलेपर्यंत सुटतच नाही. पण तारखेचा सरकारी पुरावा हातात राहतो. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत परवाना असलेल्या डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना सरकारी पोर्टलवर दिली की तो मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. पण परवाना असेल तरच. चौकातल्या एजंटाला तो नियम लागू नाही.

खरा घात विम्याने केला. पॉलिसी जुलैत संपली, पुढे कोणी भरलीच नाही. पॉलिसी चालू असती तर चित्र वेगळं होतं. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की तिऱ्हाइताचा, म्हणजे गाडीमुळे ज्या इतरांचं नुकसान होतं त्यांच्या भरपाईचा, विमा गाडीबरोबर जातो आणि नाव बदललं नसलं तरी कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई टाळता येत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही, ते आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही. म्हणून विमा संपायला महिना-दीड महिना उरला असेल तर मी पक्षकाराला सांगतो, आधी नूतनीकरण करा, मग गाडी विका. चार पैसे किमतीत धरून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तेवढा तुमचा, तो नव्या गाडीला लावून घेता येतो.

कैफियतीत, म्हणजे आमच्या लेखी उत्तरात, विक्रीचा मुद्दा घेतला, दोन्ही खरेदीदारांना सामील करून घेतलं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी तीनच प्रश्न विचारले. आरसी कोणाच्या नावावर? आरटीओला कळवलं होतं का? आणि तिसरा, गाडीचा फास्टॅग कोणाच्या खात्याला जोडलेला? गुरुजींनी तो बंदच केला नव्हता. ऑटो रिचार्ज चालू. अपघाताच्या आठवड्यातसुद्धा त्यांच्या बँकेतून टोल कापला गेला होता. मेसेज येत होते, त्यांना वाटलं बँकेचं काहीतरी असेल.

अपघातात गेलेला माणूस ३४ वर्षांचा, महिना पंधरा हजार मिळवणारा, मागे चार माणसं. हिशेब ठरलेला असतो. भावी उत्पन्नापोटी ४० टक्के वाढ म्हणजे २१ हजार; त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०; वर्षाचे १,८९,०००; ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. वर सहचर्य (घरच्यांची साथ गेल्याची भरपाई), अंत्यसंस्कार वगैरे आणि व्याज. गाडी विकली होती १,८५,००० ला.

आदेश ड्रायव्हर आणि गुरुजी यांच्यावर संयुक्त आणि वैयक्तिक, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते. ड्रायव्हरकडे घेण्यासारखं काही नव्हतंच. ताबापावतीत एक ओळ होती, ‘यापुढील सर्व जबाबदारी घेणाराची’. ती मृताच्या वारसांवर बंधनकारक नाही, पण घेणाऱ्यावर आहे. त्या ओळीवर एजंटाविरुद्ध वेगळा वसुलीचा दावा दाखल केला. पावतीवर त्याचं नाव आणि गावाचं नाव होतं, एवढंच. आधारची प्रत नाही, घर नंबर नाही, साक्षीदाराची सही नाही, हातोहात दिल्याची वेळही नाही. पैसे रोख, त्यामुळे बँकेतही खूण नाही.

इकडे वारसांची दरखास्त, म्हणजे आदेशाच्या वसुलीची कारवाई, सुरू झाली आहे, गुरुजींच्या घराच्या जप्तीचा अर्ज आलाय. तिकडे वसुलीच्या दाव्याचं समन्स दुसऱ्यांदा परत आलं. बेलीफाने मागे लिहिलंय, ‘सदर इसम या गावी राहत नाही.’