दोन्ही बाजूंना सारखंच

जुन्या गाड्या विकत घेणाऱ्यांसाठी मी त्या आधी तपासून देतो. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या आसपास दोन-तीन तास कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गाडीखाली लोळायचं आणि संध्याकाळी अहवाल पाठवायचा, हे माझं काम. हत्यारं थोडीच: टॉर्च, छोटा आरसा, फ्रिजवरचं चुंबक आणि रंगाची जाडी मोजणारं मुठीएवढं यंत्र. या यंत्रावर माझा जरा जास्तच जीव होता.

गाडी होती जॅग्वार मार्क २, ३.८ लिटरची. लेस्टरच्या एका मराठी डॉक्टरांना ती घ्यायची होती. "रंग-बिंग राहू द्या हो, आतून सडलेली नको," एवढंच ते फोनवर म्हणाले.

त्यांचं बरोबरच होतं. १९५९ ते १९६७ या काळात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. इंजिन गेलं तर खर्चाचा अंदाज तरी येतो. पत्रा गेला की खर्चाला तळ लागत नाही. त्यात चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. ज्या गाड्यांना डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सूट.

मालक सत्तरी ओलांडलेला. गाडी त्याने स्वतःच उभी केलेली. चहा दिला, एक जाडजूड आल्बम पुढे ठेवला आणि बाजूला जाऊन बसला.

इंजिन बघून मी खूश. ब्लॉकवरचा आणि हेडवरचा नंबर गाडीवरच्या पाटीशी जुळत होता, पाटी जॅग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्याशी. थंड इंजिन सुरू केलं, खालच्या टायमिंग चेनचा खडखडाट नाही. गरम झाल्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांना तेलाचा दाब चौरस इंचाला ४० पौंडांवर ठाम. मागच्या सीलमधून थेंब गळत होता, पण या इंजिनाखाली थेंब नसेल तर मी आधी तेल आहे का ते बघतो. मग खाली शिरलो. मागचे स्प्रिंगचे पाटे ज्या पोकळ पट्ट्यांत बसतात त्या, मागचा आस आडवा सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा ब्रॅकेट, दारांखालच्या सिल... सगळीकडे ठोकून पाहिलं. खणखणीत.

आणि मग छत पेलणाऱ्या मागच्या खांबांच्या तळाशी चुंबक घसरून पडलं. यंत्र लावलं. बाकी गाडीवर अडीचशे-तीनशे मायक्रॉन दाखवणारं यंत्र तिथे मापाबाहेर गेलं. डावीकडे तळहाताएवढा पट्टा, उजवीकडेही तेवढाच.

पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुटीचा, जाड थर. सापडलं, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

विकणाऱ्याशी दोषांची चर्चा करायची नाही, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. नियम बरा आहे आणि सोयीचाही. आल्बमची दहा पानं मी उलटली, अहवालात लागतात म्हणून फोटो काढले. आल्बम सगळ्यांकडेच असतो: गंजका सांगाडा, लाल प्रायमर, बॉनेटमध्ये बसलेला नातू. अहवालात लिहिलं, 'दोन्ही मागच्या खांबांच्या तळाशी जाड लांबी भरलेली. खाली गंज असण्याची शक्यता.' डॉक्टरांनी व्यवहार सोडला. "तुम्ही होतात म्हणून वाचलो," म्हणाले.

चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी एका पत्रेवाल्याकडे गेलो होतो. तो जोडाला शिसं भरत होता. आधी कथिलाचा पातळ थर, मग शिसं-कथिलाच्या मिश्रणाची कांडी. साधारण १८० ते २५० अंशांच्या मध्ये ते लोण्यासारखं राहतं. जरा जास्त तापलं की ओघळून जमिनीवर. चरबीत बुडवलेल्या लाकडी पट्टीने तो ते चोपडत होता. नंतर कानशीने घासायचं, पॉलिश पेपर लावायचा नाही, कारण शिशाची धूळ विषारी. लांबी येण्याआधी कारखान्यांतही जोड असेच भरत. हे सगळं मला माहीत होतं. कधी हाताखाली आलं नव्हतं, एवढंच.

गंमत म्हणून यंत्र लावलं. मापाबाहेर. शिशाला चुंबक चिकटत नाही, मग यंत्राला ते जाड रंगासारखंच दिसणार.

घरी येऊन फोनमधले फोटो उघडले. आल्बमचं सातवं पान. उघडा पत्रा, नवा जोड आणि त्यावर रुपेरी, कानशीचे ओरखडे असलेला तळहाताएवढा पट्टा. शेजारी दुसऱ्या बाजूचा तसाच फोटो. लांबी अशी चकाकत नाही. आणि गंज काय दोन्ही बाजूंना मोजून-मापून सारखाच येतो? हे मला त्या दिवशी का सुचलं नाही, यावर मी अजून अडकलोय.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुसरी गाडी घेतली होती, तपासून न घेता. "म्हणजे ती चांगली होती?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

म्हाताऱ्याचा नंबर अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे. दोनदा लावायला घेतला. त्याला काय सांगणार, की तुमचा आल्बम मी आत्ता पाहिला?