त्याच्याऐवजी कोण?

2025 च्या 6 सप्टेंबरला, शनिवारी, बाल्टिमोरच्या मैदानावर, बेसबॉलच्या सामन्यात, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पिचर (गोलंदाज) योशिनोबू यामामोतो याने नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगचे दोन आउट होईपर्यंत यजमान ओरिओल्सला एकही हिट (बेसवर पोचवणारा फटका) दिली नव्हती. नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता संपवलेला सामना, होणार म्हटल्यावर फिलाडेल्फियात राहणाऱ्या माझ्या मेहुण्यानेही आपल्या घरी सामना लावला आणि मला फोन करून तो स्पीकरवर ठेवला. मी लॉस एंजेलिसला राहतो. त्याच्याकडचे प्रक्षेपण माझ्यापेक्षा वीसेक सेकंद पुढे चालते, हे आमच्या दोघांच्याही लक्षात नव्हते. माझ्या पडद्यावर यामामोतो अजून कॅचरच्या खुणा बघत होता, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, ‘गेला!’ आणि मग मी जॅक्सन हॉलिडेचा होमरन (मैदानाबाहेर गेलेला फटका), होणार हे ठाऊक असताना, शांतपणे पाहिला.

धावसंख्या डॉजर्सच्या बाजूने 3-1 झाली होती आणि केवळ एक आउट हवा होता. 112 चेंडू टाकून झालेल्या यामामोतोला व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी बाहेर घेतले आणि ब्लेक ट्रायननला आणले. त्याने एक डबल (दोन बेसचा फटका) दिली, एका फलंदाजाला चेंडू मारला, दोघांना वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस) दिले आणि 3-2 अशी स्थिती करून, तिन्ही बेस भरलेले ठेवून तो चेंडू टॅनर स्कॉटच्या हाती देऊन गेला. पुढचे मी पाहिलेच नाही, केवळ ऐकले. कारण मेहुण्याने ‘भावजी, बंद करा टीव्ही’ एवढेच म्हटले. इमॅन्युएल रिवेराच्या हिटवर दोन धावा झाल्या आणि डॉजर्स 4-3 असे हरले. तो त्यांचा सलग पाचवा पराभव होता, आणि विभागात प्रतिस्पर्धी पॅड्रेज अगदी पाठीवर आले होते.

त्या रात्री सुरू झालेला आमचा वाद सीझन संपेपर्यंत मिटला नाही. मेहुण्याचे म्हणणे सरळ होते : क्लोजर (आघाडी राखून सामना संपवायला शेवटी येणारा पिचर), म्हणजे स्कॉट, बिघडला आहे, त्याला काढा, नाहीतर प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) विसरा. माझ्याकडे शिकायला राहिलेला त्याचाच मुलगा, म्हणजे माझा भाचा, आकड्यांचा माणूस असल्यामुळे वडिलांच्या प्रत्येक वाक्याला टाचणी लावत होता. मी बराच वेळ दोघांच्या मध्ये होतो, आणि ती जागा किती गैरसोयीची असते हे वेगळे सांगायला नको.

भाच्याने पहिल्याच रात्री दाखवलेली एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. आदल्या दिवशी, शुक्रवारी, सामना 1-1 असा बरोबरीत असताना स्कॉटनेच नवव्या इनिंगमध्ये सॅम्युएल बसायो या नवख्या फलंदाजाला होमरन दिला होता आणि डॉजर्स 2-1 असे हरले होते. ती चूक निखळ स्कॉटची होती. परंतु संघ आघाडीवर नसल्यामुळे त्याच्या खाती हुकलेला सेव्ह (राखता न आलेली आघाडी) लागला नाही, लागला तो पराभव. शनिवारी मात्र बेसवर उभे असलेले तिघेही ट्रायननने चढवलेले होते. त्यामुळे नियमाप्रमाणे त्या दोन्ही धावा ट्रायननच्या नावावर गेल्या, पराभवही त्याच्याच नावावर गेला, आणि आघाडी स्कॉटच्या चेंडूवर गेली म्हणून हुकलेला सेव्ह तेवढा स्कॉटच्या नावावर चढला. ‘काका, कालच्या सामन्याने त्याचा ईआरए बिघडला, आजच्याने बिघडलाच नाही, पण लोक शिव्या देताहेत त्या आजच्या सामन्यावरून,’ असे भाचा म्हणाला. ईआरए म्हणजे पिचरच्या खाती दर नऊ इनिंगमागे लागलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली. हिशेब दोन्ही दिवशी नियमांनुसारच झाला होता.

सेव्ह हा अधिकृत आकडा झाला 1969 मध्ये. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन, किमान एक इनिंग टाकून सामना संपवला की सेव्ह मिळतो; त्याचे आणखी दोन पोटनियम आहेत, पण बहुतेक सेव्ह याच खात्यातले असतात. या नियमाने पुढे एक स्वतंत्र हुद्दा जन्माला घातला. आठ इनिंगनंतर आघाडीवर असलेला संघ साधारण 95 टक्के सामने जिंकतो, आणि हे प्रमाण क्लोजर नावाचा खास माणूस नेमण्याची पद्धत पडण्याआधीही जवळपास असेच होते. म्हणजे क्लोजरने काम चोख केले तर घडायचे तेच घडले असे वाटते, आणि तो चुकला तर हातातोंडाशी आलेला घास गेल्यासारखे होते. क्रिकेटमध्ये शेवटचे षटक महाग पडलेल्या गोलंदाजाला पुढच्या सामन्यात नव्या चेंडूने झाकपाक करता येते; क्लोजरला पुन्हा तेच शेवटचे षटक मिळते, किंवा काहीच मिळत नाही.

स्कॉटबाबतची चीड त्याच्या करारामुळेही वाढलेली होती, हे मान्य केले पाहिजे. जानेवारीत डॉजर्सने त्याला 4 वर्षांसाठी 7 कोटी 20 लाख डॉलर दिले, कारण 2024 मध्ये मार्लिन्स आणि पॅड्रेजकडून खेळताना त्याचा ईआरए 1.75 होता. 2025 संपले तेव्हा तो 4.74 वर पोचला होता. 23 सेव्ह मिळाले होते आणि 10 हुकले होते. गमतीचा भाग असा की, पूर्वी ज्या दोषासाठी त्याला नावे ठेवली जात, तो दोष या वर्षी बराच सुधारला होता. त्याचे वॉक कमी झाले होते आणि होमरन वाढले होते. भाच्याचे निदान असे की हा गृहस्थ आता स्ट्राइक फारच टाकतो आहे : पूर्वी चेंडू कुठे जाईल हे त्याचे त्यालाच ठाऊक नसे, त्यामुळे फलंदाजही बिचकत, आता चेंडू प्लेटवर येतो, आणि फलंदाजांना तो यायची खात्री आहे. हे निदान मला पटते, निदान ‘त्याच्यात हिंमत नाही’ या मेहुण्याच्या निदानापेक्षा नक्कीच अधिक पटते.

प्लेऑफच्या शक्यतेबद्दल मात्र बापलेक दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. 2022 पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ जातात : तीन विभागविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड (बाकीच्यांतले सर्वोत्तम). विभागविजेत्यांतल्या पहिल्या दोघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. तिसऱ्याला मात्र तीन सामन्यांची छोटी मालिका खेळावी लागते. डॉजर्स प्लेऑफमध्ये जाणार की नाही हा खरा प्रश्न नव्हता. ती सवलत मिळणार की जाणार, हा होता. शेवटी ब्रूअर्सचे 97 विजय झाले, फिलाडेल्फियाच्या फिलीजचे 96 आणि डॉजर्सचे 93. सवलत गेली. मेहुण्याने लगेच दहा हुकलेल्या सेव्हमधून तीन उचलून हिशेब पुरा केला. भाच्याने दाखवून दिले की स्कॉटच्या नावावरचे पराभव चारच आहेत. सेव्ह हुकला म्हणजे सामना हरला असे नसते, कित्येकदा संघ नंतर धावा करून जिंकतो. मी मध्ये पडून म्हटले की या चारांत शुक्रवारसारखे, सेव्हचा संबंध नसलेलेही पराभव असू शकतात आणि शनिवारसारखे दुसऱ्याच्या नावावर गेलेले असू शकतात. माझ्या मध्यस्थीने वाद मिटला नाही, लांबला.

मेहुणा इतका का चिडतो, याचे कारण 2008 आणि 2009 मध्ये आहे. तो तेव्हा नुकताच फिलाडेल्फियात गेला होता. 2008 च्या सीझनमध्ये फिलीजच्या ब्रॅड लिजने 41 पैकी 41 सेव्ह केले, प्लेऑफमध्ये 7 पैकी 7 केले, आणि विश्वविजेतेपदाचा शेवटचा आउट घेऊन तो मैदानात गुडघे टेकून बसला. पुढच्याच वर्षी तोच माणूस, तोच स्लायडर (शेवटी झपकन खाली वळणारा चेंडू) : ईआरए 7.21, विजय शून्य, पराभव 8, हुकलेले सेव्ह 11. व्यवस्थापक चार्ली मॅन्युएल यांनी त्याची पाठराखण केली. सीझनच्या शेवटाकडे रायन मॅडसनला नवव्या इनिंगसाठी आजमावून पाहिले, पण त्यालाही ती जागा आपलीशी करता आली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये चेंडू पुन्हा लिजकडे आला. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने एकही धाव दिली नाही. मेहुणा सांगतो की तेव्हा त्याला वाटले, सुटलो एकदाचे.

मग वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) चौथा सामना. न्यूयॉर्क यांकीज समोर, 4-4 बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, बेस रिकामे. लिज बरा टाकत होता. जॉनी डेमनने एकामागून एक चेंडू फाउल (रेषेबाहेर) करत नऊ चेंडूंची झुंज दिली आणि सिंगल घेतला. पुढचा फलंदाज मार्क टेक्शेरा उजवीकडे मारणारा असल्यामुळे फिलीजचे इनफील्डर उजवीकडे सरकून उभे होते. डेमन दुसऱ्या बेसकडे पळाला, सुखरूप पोचला, मान वर करून पाहतो तर तिसऱ्या बेसवर कोणीच नाही. तो तसाच उठून पुढे पळाला. एकाच चेंडूवर दोन बेस चोरले गेले. आता तिसऱ्या बेसवर धावपटू असल्यामुळे, स्लायडर जमिनीला लागून कॅचरच्या मागे गेला तर धाव फुकटची जाणार, ही धास्ती लिजच्या मागे लागली. त्यानंतर टेक्शेराला चेंडू लागला, ॲलेक्स रॉड्रिगेझने डबल मारला, पोसादाने दोन धावा आणल्या, आणि 7-4. ‘तिसऱ्या बेसवर कोणी नव्हते, हा काय लिजचा दोष?’ हा प्रश्न मी मेहुण्याला कित्येकदा विचारला आहे. प्रत्येक वेळी तो तिसऱ्या बेसचा विषय सोडून त्या नवव्या चेंडूबद्दल बोलू लागतो.

सीझन संपल्यावर भाच्याने दोन्ही वर्षे शेजारी मांडली. 2009 चा फिलीज संघ गतविजेता होता, 2025 चा डॉजर्सही. एकाच्या क्लोजरने 11 सेव्ह घालवले, दुसऱ्याच्याने 10. आणि दोन्ही संघांचे विजय-पराभव तंतोतंत सारखे : 93-69. एवढ्या योगायोगावर मी कुठला सिद्धांत उभा करणार नाही. पण क्लोजर कोलमडला म्हणून सीझन कोलमडत नाही, एवढे तरी ते दोन ताळेबंद दाखवत होते. मला इतक्या दिवसांत जाणवलेली गोष्ट निराळीच होती. ‘हा वाईट टाकतो आहे का?’ यावर आमच्या घरात मतभेद नव्हताच. मतभेद होता तो ‘त्याच्याऐवजी कोण?’ यावर, आणि त्याचे उत्तर कोणीच देत नव्हते.

डॉजर्सकडे ते उत्तर खरोखरच नव्हते. एव्हन फिलिप्सच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, ब्रुसदार ग्रातेरोल संपूर्ण सीझन बाहेर होता, मायकल कोपेकला दुखापती सोडत नव्हत्या, आणि ट्रायननचे काय चालले होते ते बाल्टिमोरमध्ये दिसले. माणूस बदला म्हणणे सोपे असते. आत बसलेल्यांपैकी ज्याचे नाव घ्याल त्याच्या पुढे एक ‘पण’ होता.

उत्तर आले ते आमच्यापैकी कोणाच्याही यादीत नसलेल्या ठिकाणाहून. जपानहून आलेला रोकी सासाकी हा खरे तर सामन्याची सुरुवात करणारा पिचर. मे महिन्यात खांद्याच्या दुखण्याने बाहेर गेलेला, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बुलपेनमध्ये (बदली पिचरांच्या ताफ्यात) परतला. रेड्सविरुद्धची छोटी मालिका डॉजर्सने 2-0 अशी जिंकली आणि दुसऱ्या सामन्याची नववी इनिंग त्याने टाकली. त्यानंतर, मेहुण्याच्या दुर्दैवाने, समोर फिलीज आले. पहिल्या सामन्यात सासाकीला कारकिर्दीतला पहिला सेव्ह मिळाला. दुसऱ्यात 4-1 अशी आघाडी असताना नवव्या इनिंगमध्ये पुन्हा ट्रायनन आला, कॅस्टेयानोसच्या डबलने 4-3 झाले, आणि शेवटचा एक आउट काढायला पुन्हा सासाकीच लागला. चौथ्या सामन्यात त्याने आठवी, नववी आणि दहावी अशा तिन्ही इनिंगमध्ये एकालाही बेसवर येऊ दिले नाही. त्याच सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये फिलीजने आपला क्लोजर योआन दुरान आणला होता. त्याने बेस भरलेले असताना मूकी बेट्सला वॉक देऊन बरोबरीची धाव बहाल केली. दुरानला फिलीजने जुलैअखेर मुद्दाम ह्याच कामासाठी आणले होते, आणि तो आमच्या वादात मेहुण्याचा हुकमाचा एक्का होता. त्या रात्री मी फोन केला नाही. जावयाने काही पथ्ये पाळायची असतात.

स्कॉटला रॉबर्ट्स यांनी काढले का, याचेही स्वच्छ उत्तर मिळाले नाही. पहिल्या मालिकेत त्याला आणलेच नाही, आणि दुसरी मालिका चालू असताना गळू काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागल्याने तो यादीतूनच बाहेर गेला. वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात डॉजर्स नवव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे होते, तेव्हा ब्लू जेजच्या जेफ हॉफमनला, म्हणजे सीझनमध्ये 33 सेव्ह केलेल्या क्लोजरला, मिगेल रोहासने होमरन मारला. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सना विजेतेपद देणारा शेवटचा डबल प्ले (एका चेंडूवर दोन आउट) झाला तो आदल्याच दिवशी 96 चेंडू टाकलेल्या यामामोतोच्या चेंडूवर. क्लोजर म्हणावा असा माणूस त्या वेळी दोन्हीकडून मैदानात नव्हता. फोन मी आधीच म्यूट करून ठेवला होता, त्यामुळे मेहुणा वीस सेकंद आधी काय म्हणाला ते मला कळले नाही.

डिसेंबरमध्ये डॉजर्सने क्लोजर एडविन डिआझला तीन वर्षांसाठी 6 कोटी 90 लाख डॉलर देऊन आणले. भाच्याने आनंदाने त्याचा 2025 चा ईआरए पाठवला : 1.63. पाच मिनिटांत मेहुण्याचा संदेश आला. त्यात 2019 चा, मेट्समधल्या डिआझच्या पहिल्या वर्षाचा आकडा होता, 5.59, आणि खाली एवढेच लिहिले होते : ‘भावजी, त्याच्याऐवजी कोण?’